यहुदी विशेषनामें व यहुदी विद्या : बर्लिन, इ. स. १८१९ ते १९४२

जुन्या दप्तरांत वावरणाऱ्या संशोधकास विशेषनामाचें मोल सांगावयास नको. महजरावरील साक्षीदारांच्या नांवांवरून गांव, वृत्ति व काळ यांचा माग लागतो. एका नांवाच्या वाचनांत चूक झाली कीं सबंध वंशावळ बिघडते. परंतु नांवांचा अभ्यास हा एका समाजाच्या नागरिकत्वाचा आधार व्हावा, आणि शंभर वर्षांनीं त्याच समाजास नांवाच्याच द्वारें बहिष्कृत करण्यांत यावें, असें उदाहरण विरळा. तें जर्मनीतील यहुद्यांचें होय. तें येथें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १८१९ त बर्लिन येथें कांहीं तरुण यहुद्यांनीं आपल्या समाजाच्या संस्कृतीचा व शास्त्राचा अभ्यास करण्यासाठीं एक मंडळ स्थापिलें. त्यांत लेओपोल्ड त्सुंत्स (१७९४–१८८६) व एडुआर्ड गान्स हे प्रमुख होते. पुढें कवि हाइने त्यांस मिळाला. मंडळ १८२४ त मोडलें. त्या काळीं बाप्तिस्म्यावांचून विद्यापीठांत अध्यापकपद मिळत नसे; १८२५ सालीं गान्स व हाइने या दोघांनीं बाप्तिस्मा घेतला. त्सुंत्स मात्र स्वधर्मांत राहिला व मंडळाचें कार्य त्यानें एकट्यानें चालविलें.

त्याची पद्धति आपल्या परिचयाची आहे : हस्तलिखितें मिळवावीं, पाठ ताडून पाहावे, काळ ठरवावा, मग बोलावें. प्रशियाच्या सरकारनें यहुदी प्रार्थनामंदिरांत जर्मन भाषेंत प्रवचन करणें हा नवा प्रकार म्हणून १८२३ त बंद केला होता. त्सुंत्सनें १८३२ त यहुदी प्रवचनांचा इतिहास प्रसिद्ध करून ही परंपरा प्राचीन असून प्रवचन लोकभाषेंत होत आलें आहे हें साधार दाखविलें. १८३६ त ख्रिस्ती नांवें यहुद्यांनीं ठेवूं नयेत असा हुकूम निघाला, तेव्हां बर्लिनच्या यहुदी समाजानें पुन्हां त्याच्याचकडे धाव घेतली. त्याच्या निबंधाचा निष्कर्ष असा कीं, यहुद्यांनीं जेथें वास केला तेथील नांवें धारण केलीं. बाबिलोनी, ग्रीक, लॅटिन, अरबी अशा सर्व नांवांचे दाखले त्यानें दिले. मर्दखय हें नांव बाबिलोनच्या मर्दुक दैवताशीं संबद्ध आहे, आणि अलेक्झांडर हें तर यहुद्यांत प्राचीन काळापासून रूढ आहे. नांव देशाचें असलें म्हणून श्रद्धा बदलत नाहीं, हें त्या निबंधाचें सार.

ही विद्या त्यानें दारिद्र्यांत व उपेक्षेंत केली. १८४८ सालीं बर्लिन विद्यापीठांत यहुदी इतिहास व वाङ्मय यांकरितां अध्यापकपद निर्माण करावें ही त्याची मागणी अमान्य झाली. तरी १८५५ त लंडन व ऑक्सफर्ड येथील, आणि जवळजवळ सत्तरीच्या उंबरठ्यावर १८६३ त पार्मा येथील हिब्रू हस्तलिखितें त्यानें स्वतः जाऊन पाहिलीं. त्याचा अनुयायी मोरित्स श्टाइनश्नायडर (१८१६–१९०७) यानें ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांतील हिब्रू छापील ग्रंथांची व इतर संग्रहांतील हस्तलिखितांची जी सूचि केली, तिजवांचून आजही त्या क्षेत्रांत पाऊल टाकतां येत नाहीं. सरकारी विद्यापीठानें दार लाविल्यावर समाजानें १८७२ त बर्लिनमध्यें स्वतःची उच्च विद्यासंस्था उघडली.

परंतु १८७९ च्या सुमारास विरोधाचें स्वरूप पालटलें. विल्हेल्म मार यानें 'सेमिटविरोध' या अर्थाचें नवें नांव प्रचारांत आणिलें, आणि इतिहासकार ट्राइट्श्के यानें आपल्या प्रतिष्ठेचें वजन त्या पक्षास दिलें. जुना द्वेष धर्माचा होता. बाप्तिस्म्यानें तो शमत असे. नवा द्वेष रक्ताचा. धर्माविषयींच्या वा नांवाविषयींच्या आक्षेपास प्रमाणानें उत्तर देतां येतें. आजोबा बदलण्याचा उपाय कोणापाशीं असणार? त्सुंत्सच्या शस्त्राची धार येथें बोथट झाली.

संस्कृतज्ञांनीं लाजेनें मान खालीं घालावी अशी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. आपल्या ग्रंथांत 'आर्य' हा शब्द शील व मान दाखवितो. युरोपांत तो आधीं भाषाकुलास व मग वंशास चिकटविण्यांत आला. भाषेच्या कुलावरून रक्त ठरवूं नये असा इशारा मॅक्समुल्लरनें १८८८ सालींच दिला होता. तो कोणीं ऐकिला नाहीं. एप्रिल १९३३ च्या कायद्यानें 'अनार्य' नोकर सेवेंतून काढले, आणि एक आजा किंवा आजी यहुदी असली तरी मनुष्य अनार्य ठरला. हाले विद्यापीठांत संस्कृत विद्या शिकविणाऱ्या बेट्टी हायमान यांनाही या कायद्यानें पद गमवावें लागलें. आणखी शोचनीय हें कीं, आर्यत्वाचा पुरावा देण्यासाठीं चर्चमधील बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या घरोघरच्या लोकांनीं शोधविल्या. म्हणजे वंशावळी जुळविण्याची आपलीच विद्या अन्यायाच्या कामीं लागली.

त्याच एप्रिलमध्यें शाळांत नव्यानें घ्यावयाच्या यहुदी मुलांचें प्रमाण शेंकडा दीडवर आणिलें गेलें. नोव्हेंबर १९३८ त तीं सर्वच सरकारी शाळांतून काढलीं गेलीं. यांस उत्तर म्हणून समाजानें स्वतःच्या शाळा वाढविल्या. मार्टिन बूबर यांनीं फ्रांकफुर्ट येथील यहुदी विद्यागृह, जें १९२० त फ्रांत्स रोझेन्त्स्वाइग यांनीं चालू केलें होतें, तें नोव्हेंबर १९३३ त पुन्हां उघडलें. पिढ्यान्‌पिढ्या हिब्रू विसरलेलीं प्रौढ माणसें तेथें मूळ बायबल वाचूं लागलीं.

मग पाळी नांवाची आली. १७ ऑगस्ट १९३८ च्या हुकुमानें, ज्यांचें नांव सरकारी यादींत नाहीं अशा यहुदी पुरुषांनीं 'इस्राएल' व स्त्रियांनीं 'सारा' हें जोडनांव १ जानेवारी १९३९ पासून लाविलें पाहिजे असें ठरलें. १८३६ त सांगितलें गेलें, आमचीं नांवें घेऊं नका. १९३८ त सांगितलें गेलें, आम्ही देऊं तेंच नांव लावा. वस्तुतः इस्राएल हें याकोबास देवदूताशीं झगडल्यावर मिळालेलें मानाचें नांव, व सारा याचा अर्थ राजकन्या.

या ठिकाणीं आपल्या कोंकणाचें स्मरण होणें अपरिहार्य आहे. तेथील यहुदी हेंच नांव अभिमानानें मिरवीत आले; बेने इस्राएल म्हणजे इस्राएलचीं मुलें. त्यांचीं आडनांवें किहीमवरून केहिमकर, पेणवरून पेणकर. आणि मुंबईंत १७९६ सालीं त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर आपल्या कागदांत सामाजी हसाजी होतात. शनिवार मात्र त्यांनीं सोडला नाहीं. त्सुंत्सच्या सिद्धांतास याहून चांगला दाखला कोणता? तो त्याच्या निबंधाबाहेर, आपल्या दाराशीं सांपडतो.

बर्लिनची विद्यासंस्था जुलै १९४२ त बंद करण्यांत आली. तिचे वृद्ध अध्यापक लेओ बेक यांस जानेवारी १९४३ त टेरेझीनच्या छावणींत नेलें. तेथेंही त्यांनीं बंदिवानांपुढें तत्त्वज्ञानावर व्याख्यानें दिलीं. ते वांचले व १९५६ त लंडन येथें निवर्तले. जर्मनीतील दीड लाखांहून अधिक यहुदी मात्र मारले गेले. तेव्हां, शंभर वर्षांच्या या विद्येनें काय साधलें, असा प्रश्न कोणी करील. प्राण वांचविले नाहींत, हें खरें. परंतु इस्राएल हें नांव कलंक म्हणून कपाळीं लाविलें गेलें, त्या वेळीं त्याचा मूळ अर्थ जाणणारीं माणसें शिल्लक होतीं, तीं या विद्येमुळें. आपण कागदांतील नांवें उतरून घेतों, तेव्हां त्या प्रत्येक नांवामागें मनुष्य आहे हें विसरूं नये. वंशावळ माणूस ओळखण्यासाठीं आहे, त्यास वगळण्यासाठीं नव्हे.