कागदी दगडांचं घर

जुन्या काळाची आवड अनेकांना असते, पण त्या काळात राहायला जाण्याची हौस विरळाच. अठराव्या शतकात एका इंग्रज गृहस्थाने ती पुरवून घेतली.

होरेस वॉल्पोल हे त्याचं नाव. ब्रिटनचे पहिले पंतप्रधान मानले जाणारे रॉबर्ट वॉल्पोल यांचा हा मुलगा. १७४७ साली त्याने लंडनजवळ ट्विकनहॅमला थेम्सकाठी एक लहानसं घर घेतलं. तेव्हा चलती होती ग्रीक-रोमन धाटणीची. 'गॉथिक' म्हणजे रानटी, अशी समजूत. याने मात्र मित्रांची एक 'रुचिसमिती' जमवली आणि घराला बुरूज, टोकदार कमानी, रंगीत काचा चढवल्या. हेच ते स्ट्रॉबेरी हिल.

गंमत पुढेच आहे. ग्रंथालयातली शेकोटी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या एका राजपुत्राच्या थडग्यावरून उचललेली! पुस्तकांची कपाटं १६६६ च्या आगीत जळालेल्या जुन्या सेंट पॉल चर्चच्या दरवाजासारखी. तो दरवाजा उरला होता फक्त छापील चित्रात. आणि दालनाचं नक्षीदार छत? दगडाचं नव्हे, कागदाच्या लगद्याचं, वर सोनेरी मुलामा.

याच घरात त्याला स्वप्न पडलं, जिन्याच्या कठड्यावर चिलखती पंजा. त्यातून १७६४ साली 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही पहिली गॉथिक कादंबरी आली. तीही 'जुन्या इटालियन ग्रंथाचा अनुवाद' म्हणून. घर कागदी, ग्रंथही बनावट!

मग हे सारं ढोंगच का? पुढच्या शतकातला वास्तुकार प्युजिन याला असली वरवरची सजावट मुळीच मान्य नव्हती. बांधकाम सजवावं, सजावट बांधू नये, असं त्याचं म्हणणं. तर्क बिनतोड आहे. तरीही मला वॉल्पोलची बाजू घ्यावीशी वाटते. ज्या कलेला लोक रानटी म्हणत, तिच्यावर याने प्रेम केलं, तिकिटं देऊन लोकांना घर दाखवलं. तिच्याकडे पुन्हा बघायला शिकवणाऱ्यांत तो अग्रभागी होता.

पुढे ही शैली अस्सल दगडात आपल्या मुंबईतही आली. राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला, व्हीटी स्थानक (आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) त्यानंतर दहा वर्षांनी.

स्ट्रॉबेरी हिलमधल्या वस्तूंचा १८४२ साली २४ दिवस लिलाव चालला. सामान पांगलं, पण ते घर टिकलं. डागडुजी होऊन २०१० साली पुन्हा लोकांसाठी उघडलं. आता तो कागदी मुलामाच जपण्याजोगा इतिहास झाला आहे. नकलेलाही वय झालं की अस्सलपणा येतो का? तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.