मॅक नवा, सॉफ्टवेअर फुकट की मुक्त?

इथे चिकलठाण्यात एमआयडीसीतला पगार सुरू झाला की कुणीतरी जुना का होईना, मॅक घेतं आणि दुसऱ्याच दिवशी विचारतं, "ह्याच्यात वर्ड कुठाय?" मग पेनड्राइव्हवरची चोरीची प्रत पुढे येते. तिची गरज का नाही, ते आपण इतिहासातून पाहू.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून हा घोळ चालू आहे. इंग्रजीत फुकट आणि मुक्त दोन्हीला एकच शब्द. आपली मराठी इथे सुखी. ॲपलचं पेजेस २०१७ पासून सगळ्या मॅकवाल्यांना फुकट, पण सोर्स कोड कुलुपात. लिबरऑफिसचा कोड मात्र कुणीही वाचावा, बदलावा. त्याचा पूर्वज ओपनऑफिस मॅकवर कित्येक वर्षं एक्स११ नावाच्या उसन्या खिडकीतून चालायचा. २००८ च्या ३.० आवृत्तीत तो खऱ्या अर्थाने मॅकचा झाला. २०१० मध्ये त्यातले बरेच लोक बाहेर पडले नि लिबरऑफिस निघालं. वर्डची फाइल त्यात उघडते. मांडणी कधी थोडी हलते, हे कबूल.

व्हीएलसी पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलं, २००१ मध्ये ते मुक्त झालं. लग्नाचा जुना व्हिडिओ क्विकटाइमने नाकारला, की आम्ही हेच लावतो.

मराठीसाठी काही उतरवायचंच नाही. देवनागरी कीबोर्ड मॅकमध्येच आहे, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा. अडतं ते जुन्या डीटीपी फॉन्टातल्या पत्रिकांपाशी. ते फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे, म्हणून फॉन्ट नसला की नुसती खिचडी दिसते. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो, आणि मग रफारापासून जोडाक्षरांपर्यंत एकदा डोळ्यांनी तपासावा लागतो.