सल्लागार म्हणतो ॲप बदला. आधी विचारा, विकायचंय की नुसतं हलवायचंय?

पुणे : रिंगरोडच्या जमिनीचा मोबदला मावळ, मुळशी, हवेली, खेड, पुरंदर भागातल्या घरांत आला. त्यातला काही पैसा म्युच्युअल फंडात, शेअरमध्येही जातो. मग वर्ष-दोन वर्षांत शहरातला एखादा सल्लागार म्हणतो, "जुनं ॲप सोडा, आमच्याकडे या."

मुळात पैसा ॲपमध्ये नसतोच. फंडाच्या युनिटची नोंद कॅम्स किंवा केफिनटेककडे असते, शेअर सीडीएसएल किंवा एनएसडीएलच्या डीमॅट खात्यात. त्यामुळे एजंट बदलायचा तर फंड विकावा लागत नाही. अर्ज भरला की एजंटचा कोड बदलतो, युनिट जागच्या जागी राहतात. तरी कोणी "आधी सगळं काढा, मग इकडे भरा" म्हणाला तर कारण विचारा. नव्याने घेतलेल्या रेग्युलर फंडावर त्याचं कमिशन सुरू होतं, हेही एक कारण असू शकतं.

विकण्याचा खर्च बघा. शेअर फंडात 10 लाख आहेत, त्यात नफा 4 लाख. वर्ष उलटलं असेल तर 1.25 लाखाच्या वरच्या नफ्यावर 12.5 टक्के कर, म्हणजे 34,375 रुपये, सेस वेगळा. वर्षाच्या आत विकलं तर कर 20 टक्के, आणि बऱ्याच फंडांत 1 टक्का एक्झिट लोडही कापतात. कर वाचवणारा ईएलएसएस फंड तर 3 वर्षं निघतच नाही.

सल्ला प्रत्येक वेळी खोटाच असतो असं नाही. 1 जानेवारी 2013 पासून फंडाचे डायरेक्ट प्लॅन आहेत, त्यात एजंटचं कमिशन नाही. रेग्युलरचा वार्षिक खर्च 1 टक्क्याने जास्त असेल तर 10 लाखांवर वर्षाला 10 हजार जातात. पण रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं ही कायद्याने विक्रीच. म्हणून नवी एसआयपी डायरेक्टमध्ये सुरू करावी, आणि जुने युनिट दरवर्षी 1.25 लाख नफ्याच्या आत थोडे थोडे हलवावेत.

समोरचा नेमका कोण, हेही विचारा. एआरएन नंबरवाला वितरक कमिशनवर चालतो. आयएनएने सुरू होणारा सेबीचा नंबर असलेला सल्लागार तुमच्याकडून फी घेतो. दोन्ही नंबर सेबी आणि ॲम्फीच्या साइटवर तपासता येतात.

शेअर असतील तर जुनं डीमॅट बंद करून सगळे शेअर त्याच नावाच्या दुसऱ्या खात्यात नेता येतात, त्याला हस्तांतरणाचा खर्च नाही. मात्र कोऱ्या कागदावर किंवा मुखत्यारपत्रावर सही नको, ओटीपीही सांगू नका. 22 नोव्हेंबर 2019 ला सेबीने कार्वी ब्रोकिंगवर बंदी घातली, ती ग्राहकांचे शेअर गहाण टाकल्यावरून. मुखत्यारपत्र तिथेच नडलं.

तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्या. 21 दिवसांत काही झालं नाही तर सेबीच्या स्कोअर्सवर. टोल फ्री नंबर 1800 266 7575.