बॉल पायथन मादीची वीण

बॉल पायथन (शास्त्रीय नाव: पायथन रेजियस) हा पश्चिम व मध्य आफ्रिकेत, सेनेगलपासून युगांडापर्यंत आढळणारा बिनविषारी अजगर आहे. घाबरल्यावर तो डोके आत लपवून अंगाचा घट्ट चेंडू करतो, यावरून हे नाव पडले. बेनिनमधील विदाह येथे तो पूज्य मानला जातो. त्याच देशातून, तसेच घाना व टोगोतून, तो पाळण्यासाठी निर्यातही होतो.

वय आणि वजन

नर लहान वयातच वीणक्षम होतो. मादीला मात्र सहसा त्याहून जास्त काळ लागतो. अनुभवी पालक मादीचे वजन सुमारे १५०० ग्रॅम झाल्याखेरीज जोडी लावत नाहीत. केवळ आकडा मात्र पुरेसा नव्हे: चारून चारून लठ्ठ केलेली कोवळी मादी वजनात बसली तरी सुदृढ असतेच असे नाही. दुर्मीळ रंगाच्या पिल्लांना चांगली किंमत येत असल्याने घाई करण्याचा मोह होतो.

अंड्यांतील बलक मादीच्या साठवलेल्या चरबीतून तयार होतो. गाभण काळात ती बहुधा खाणे सोडते आणि अंडी घातल्यावर त्यांना वेटोळे घालून सुमारे दोन महिने उपाशी बसते. एका विणीत साधारण ३ ते ११ अंडी असतात. लहान मादी कमी अंडी घालते, तरी तिच्या देहाच्या मानाने तो भार मोठाच असतो. विणीनंतर तिचे वजन खूप घटते आणि ते भरून येण्यास अनेक महिने जातात. अशा मादीची लगेच पुढच्या हंगामात जोडी लावणे घातक ठरू शकते.

अंडी अडणे

अंडे अंडनलिकेत अडकणे हा सर्वांत गंभीर धोका होय. अंड्याचा आकार वेडावाकडा असणे, शरीरातील पाणी किंवा कॅल्शियम कमी पडणे, स्नायूंची दुर्बलता, लठ्ठपणा, अयोग्य तापमान आणि अंडी घालण्यास निवांत जागा नसणे ही त्याची कारणे आहेत. काही अंडी बाहेर येऊन वीण थांबली आणि शेपटीकडील भागात फुगवटा राहिला, तर पशुवैद्याकडे नेणे आवश्यक असते. अंडे हाताने दाबून पुढे सरकवल्यास अंडनलिका फाटू शकते अथवा बाहेर येऊ शकते. ऑक्सिटोसिनचा गुण कासवांत जितका येतो तितका सापांत येत नाही. त्यामुळे सुईने अंड्यातील द्रव काढून ते लहान करणे किंवा शस्त्रक्रिया करणे भाग पडते.

कायदेशीर स्थिती

ही जाती साइट्स कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव (संरक्षण) कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार भारतात अशा विदेशी प्राण्याच्या मालकीची, तसेच त्याला झालेल्या पिल्लांचीही नोंदणी करावी लागते.