बाहेरच्या थंडीची वर्दी

ज्या दख्खनच्या पठारावर थंडीचा बंदोबस्त एका कांबळ्याने आणि फार तर शेगडीतील चार निखाऱ्यांनी होतो, तेथे वाढलेल्या मनुष्याच्या मनात, घर उबदार राखणे ही एक स्वतंत्र विद्या असून तिला शतकांचा इतिहास आहे, हा विचार सहसा येत नाही. उत्तर युरोपात मात्र अग्नी पेटविण्यापेक्षा तो प्रमाणात राखणे हेच कठीण कर्म ठरले. आणि भट्टीला थंडीची वर्दी कोणी द्यावी व ती कोठून आणावी, या एका प्रश्नाभोवती ही सारी विद्या वाढत गेली.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, आल्कमार गावी जन्मलेल्या व इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाच्या आश्रयास गेलेल्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराने, मद्यार्क आणि पारा भरलेली नळी भट्टीत बसवून, उष्णतेने मद्यार्क प्रसरण पावताच पारा वर चढावा आणि वाऱ्याची झडप आपोआप मिटावी, अशी तजवीज केली होती. पुढे अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बोनमँ याने शिशाच्या नळीत लोखंडी गज ठेवून, या दोन धातूंच्या असमान प्रसरणावर चालणारा नियामक सिद्ध केला. त्याचा उपयोग त्याने कोंबडीची अंडी उबविण्यासाठी केला. ड्रेबेलची भट्टीही अंडी उबविण्याच्या कामी आली होती. जो जीव आपली थंडी बोलून दाखवू शकत नाही, त्याच्यासाठी मनुष्याने ही कला प्रथम साधली, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते.

मनुष्याच्या खोलीत हे यंत्र खऱ्या अर्थाने शिरले ते अमेरिकेत. विस्कॉन्सिन संस्थानातील व्हाइटवॉटर येथील अध्यापक-विद्यालयात शिकविणाऱ्या वॉरन जॉन्सन यांच्या वर्गात शाळेचा शिपाई वारंवार येई, भिंतीवरचा तापमापक पाही आणि तळघरात जाऊन झडपा कमीजास्त करी. अध्यापनात येणारा हा व्यत्यय टाळावा म्हणून जॉन्सन यांनी खोलीतील तापमान बदलताच तळघरात विजेची घंटा वाजविणारे यंत्र रचले आणि १८८३ साली त्याचे पेटंट मिळविले.

या सर्व यंत्रांत एक न्यून मात्र समान होते. ती वर्दी खोलीच्या आतून आणीत. जाड विटांच्या भिंतीतून थंडी झिरपत आत येण्यास कित्येक तास लागतात, आणि गार पडलेल्या भिंती पुन्हा तापविण्यासही तितकाच अवधी लागतो. म्हणजे शत्रू चौकात येऊन उभा राहिल्यावर किल्लेदाराने दरवाजाकडे धाव घ्यावी, तसा तो प्रकार होई. पहारा तटाबाहेर हवा होता.

तो पहारा मोठ्या प्रमाणावर बसला रशियात. २५ नोव्हेंबर १९२४ रोजी लेनिनग्राडमध्ये फोंतांका नदीकाठच्या ९६ क्रमांकाच्या घरास वीजकेंद्रातील ऊब नळांवाटे पोचविण्यात आली. पुढे सोव्हिएत नगरांत, दिवसाचे सरासरी तापमान सलग पाच दिवस ८ अंशांच्या वर न गेल्यास तापन सुरू करावे, आणि बाहेर जितकी थंडी तितके केंद्रातून निघणारे पाणी उष्ण असावे, असा शिरस्ता रूढ झाला. कोणत्या थंडीस किती उष्ण पाणी, याचा आलेख दप्तरात असे. कित्येक ठिकाणी कमाल मर्यादा १५० अंशांची होती, व प्रचंड दाबामुळेच ते पाणी उकळत नसे. परंतु येथे उलटे न्यून राहिले. बाहेरची वर्दी मिळे, पण आतील माणसाचे म्हणणे केंद्रापर्यंत पोचत नसे. ऊब अति झाली की ऐन हिवाळ्यात खिडकीचे लहान तावदान उघडणे एवढाच त्याचा इलाज होता.

१९७३ च्या तेलसंकटाने इंधनाचा अपव्यय राज्यकर्त्यांच्या डोळ्यांवर आला. पश्चिम जर्मनीने १९७६ साली ऊर्जाबचतीचा कायदा केला, आणि १९७८ च्या नियमावलीने, बाहेरच्या तापमानानुसार अथवा तत्सम अन्य मानानुसार उष्णता आपोआप कमीजास्त करणारी साधने मध्यवर्ती तापनयंत्रणांस बसवावीत, असा दंडक घातला. लेनिनग्राडच्या दप्तरातील आलेख अशा रीतीने प्रत्येक घराच्या तळघरातील लहानशा पेटीत आला.

त्या पेटीतील रेषेचे गणित सुबोध आहे. घरातून निसटणारी उष्णता आतील व बाहेरील तापमानांच्या अंतराच्या प्रमाणात असते. खोली २० अंशांवर राखावयाची, तर बाहेर १० अंश असताना जी झीज होते, तिच्या तिप्पट झीज उणे १० अंशांवर होते. रेडिएटरमधून मिळणारी ऊब मात्र पाण्याच्या तापमानाहून अधिक वेगाने वाढते, म्हणून रेषा सरळ न जाता कडाक्याच्या टोकाकडे किंचित वाकते. सौम्य दिवसांत ऊब पुरते, पण कडाक्यात खोली गार पडते, अशा घरी रेषेचा चढ वाढवावा. सर्व ऋतुमानांत सारखीच उणीव भासत असेल, तर चढ तसाच ठेवून सबंध रेषा वर उचलावी. थंडी मोजणारा तापमापक बहुधा उत्तरेकडील भिंतीवर, उन्हापासून आणि धुराड्यापासून दूर लावतात. कारण दुपारचे ऊन त्यावर पडले की तो वसंत आल्याची खोटी वर्दी देतो आणि आतील माणसे कुडकुडतात. एका वेळी एकच लहानसा फेरफार करून पुढे एक-दोन दिवस स्वस्थ थांबावे, असे तेथील जाणते कारागीर सांगतात. भिंतींना त्याचा प्रत्यय येण्यास तितका अवधी लागतो.