तळटीप : गॅल्व्हेस्टनचे कायोटी
टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बेटावरील या जनावरांना मूळ लेखकाने सरसकट ‘कायोटी’ म्हटले आहे. ते आता अपुरे ठरते. तांबडा लांडगा १९८० मध्ये निसर्गातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. आज बंदिस्त पैदाशीत असलेला त्याचा वंश अवघ्या १४ प्राण्यांपासून वाढला. २०१८ मधील अभ्यासात, बेटावर गाडीखाली मेलेल्या दोन जनावरांच्या ऊतींत या लांडग्याचा वारसा आढळला. त्यातला काही अंश बंदिस्त कळपातही उरलेला नाही. नमुने दोनच, ही शंका रास्त होती. पण २०२२ मध्ये लुइझियाना-टेक्सास किनाऱ्यावरील आणखी जनावरांच्या तपासणीने तिला उत्तर दिले. संकरित प्राण्यांना कशाला जपायचे, हा आक्षेप मात्र मला पटत नाही. हरवलेली जनुके त्यांच्याचकडे शिल्लक आहेत. वाचकांनी पुढील पानांवर ‘कायोटी’ हा शब्द याच भानाने वाचावा.