दोन पानांची गोष्ट

बर्मिंगहॅम विद्यापीठात मोसुलकडचे ख्रिस्ती विद्वान अल्फॉन्स मिंगाना यांच्या नावाचा ३०००हून अधिक हस्तलिखितांचा संग्रह आहे. त्यात कुरआन शरीफची दोन पाने दुसऱ्याच प्रतीत चुकून बांधलेली होती. एका संशोधिकेने ती बारकाईने तपासली. पुढे कार्बन-चाचणीत त्यांचे चामडे इ.स. ५६८ ते ६४५ या काळातले ठरले. २०१५ साली ही बातमी जगभर गेली. चाचणी चामड्याचे वय सांगते, शाईचे नव्हे, हे मात्र विसरू नये. विद्यापीठाने पाने जपली. त्यांचे मोल मात्र वाचणाऱ्या नजरेमुळे कळले. आपल्या मशिदी-मदरशांतली जुनी हस्तलिखिते आपण जुजदानात अदबीने गुंडाळून ठेवतो. अदब हवीच, पण त्यांची साधी यादी तरी आपण केली आहे काय?